सोसायटीतल्या पोरांना ड्रॅगन बोटीचा इतिहास कसा सांगायचा

ड्रॅगन बोट म्हणजे चीनमधली ड्रॅगनचं तोंड लावलेली लांब वल्ह्यांची होडी, तिकडे ड्रॅगन बोट सणाला तिच्या शर्यती होतात. पोरांना हे सांगताना गोष्टीने सुरुवात करू नका. मी पहिल्या वर्षी तेच केलं आणि पाच मिनिटांत निम्मी पोरं लिफ्टपाशी पळाली. आधी पार्किंगमध्ये खडूने बोट काढा, चांगली चाळीस फूट लांब, कारण खरी बोटही साधारण तेवढीच असते, आणि दोन-दोनच्या दहा जोड्या करून वीस पोरं बसवा, हातात पुठ्ठ्याची वल्ही. मागे एक सुकाणूवाला. पुढे ढोलवाला, पण त्याचं तोंड वल्हवणाऱ्यांकडे, हे नीट बघा, सगळे चुकतात.

ढोल वाजवायला बिल्डिंगमधलंच पथकातलं कोणीतरी पकडा, पुण्यात मिळतंच. ठोका पडला की वीसच्या वीस वल्ही एकदम खाली. दोन-तीन पोरं चुकली की बाजूचा लगेच ओरडतो, तेव्हा थांबायचं आणि आता गोष्ट सांगायची.

छ्यू युआन, प्राचीन चीनमधल्या छू राज्यातला मंत्री आणि कवी, राजाने हद्दपार केलेला. इसवी सन पूर्व २७८ मध्ये शत्रू असलेल्या छिन राज्याच्या सैन्याने छूची राजधानी घेतली आणि छ्यू युआनने मीलुओ नदीत जीव दिला. लोक होड्या घेऊन शोधायला धावले, माशांना दूर ठेवायला ढोल बडवले, भात पाण्यात टाकला, अशी लोककथा आहे. होड्यांच्या शर्यती मात्र त्याच्याही आधीच्या असाव्यात असं बरेच अभ्यासक मानतात, मोठ्या पोरांना हेही सांगा. या सणाला 'चीनची दिवाळी' म्हणून मोकळे होऊ नका प्लीज, त्यात एका माणसाची आठवण आहे.

मग सगळ्यात धाकट्या पोराच्या हातात ब्रश द्या आणि पुठ्ठ्याच्या ड्रॅगनच्या डोळ्यात ठिपका काढायला लावा. तिकडे शर्यतीआधी असेच डोळे रंगवून बोट जागी करतात.

पुढचं पटकन उरकलं तरी चालेल: १९७६ला हाँगकाँगमध्ये आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तिथून हा खेळ जगभर गेला, २०१०च्या आशियाई खेळांतही होता. आपल्याकडचंही सांगा, सीओईपीची, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची रेगाटा (नदीवरचा होड्यांचा कार्यक्रम) १९२८पासूनची आहे, मार्चमध्ये जमलं तर पोरांना दाखवायला न्याच.

सणाची तारीख तिकडच्या चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याची पाचवी, म्हणजे बरेचदा आपल्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या आसपास. खायला तिकडे बांबूच्या पानात बांधलेला चिकट भात असतो, आम्ही हळदीच्या पानातले पातोळे करतो, पानं मंडईत आदल्या दिवशीच बघून ठेवा, ज्येष्ठात नेहमी मिळतीलच असं नाही.