अंगणात मधपेटी आणि घरात लहान मुलं: पेटी यायच्या आधीची तयारी

मधमाश्या पाळायच्या ठरल्या की पहिले प्रश्न येतात ते पेटी कुठली घेऊ आणि सूट कुठला घेऊ. घरात लहान मुलं असतील तर हे दोन्ही प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा. आधी मागच्या अंगणात काही दिवस नुसतं बसून बघा की मुलं कुठून पळतात, बॉल नेहमी कुठल्या कोपऱ्यात जातो, सायकल कुठे वळते, कपडे कुठे वाळत घालतो. मुलांच्या वाटा ठरलेल्या असतात आणि माश्यांच्याही ठरलेल्या असतात, आपल्याला एवढंच बघायचंय की या दोन वाटा एकमेकींना कापणार नाहीत, बाकी सगळी तयारी यातूनच निघते.

तर जागा. माश्या पेटीच्या दारातून निघतात त्या समोर सरळ रेषेत जातात आणि हळूहळू वर चढतात, म्हणजे दारासमोरची काही पावलं त्या नेमक्या मुलांच्या डोक्याच्या उंचीवर असतात, शिवाय पहारेकरी माश्या दाराशीच बसलेल्या असतात आणि समोर कोणी घुटमळलं तर त्यांना ते आवडत नाही. म्हणून दार खेळायच्या जागेकडे नको, पायवाटेकडे नको, शेजाऱ्याच्या गॅलरीकडे तर नकोच. दारापासून थोड्या अंतरावर सहा फूट उंच कुंपण, दाट झुडपं किंवा शेडनेट उभं केलं की माश्यांना लगेच वर चढावं लागतं आणि मग त्या सगळ्यांच्या डोक्यावरून जातात, कमी खर्चात यापेक्षा चांगला उपाय मला तरी माहीत नाही. पेटीच्या भोवती वेगळं छोटं कुंपण आणि त्याला गेट, गेटची कडी मुलाचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर. स्टँड डगमगत नाही ना ते स्वतः जोर लावून बघा आणि पेटीचे सगळे भाग पट्ट्याने एकत्र आवळून ठेवा, कारण जोरात आलेला बॉल किंवा वर चढू बघणारं मूल, दोन्ही धरूनच चालायचं. रात्री पेटीवर उजेड पडेल असा अंगणातला दिवा असेल तर तो हलवा, माश्या दिव्याकडे येतात आणि मग खाली पडून जमिनीवर सरपटत राहतात, तिथेच सकाळी कोणीतरी अनवाणी येतं.

हे सगळं आधीच नक्की करायचं कारण म्हणजे पेटी नंतर सरकवता येत नाही. म्हणजे येते, पण माशीने जागा लक्षात ठेवलेली असते, पेटी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्याच जागी येऊन घिरट्या घालतात. म्हणून एकतर दररोज थोडी थोडी सरकवा नाहीतर एकदम काही किलोमीटर लांब न्या, मधलं काही चालत नाही.

पाणी लोक विसरतातच. माश्यांना पाणी लागतं, उन्हाळ्यात तर खूपच, आणि आपण सोय केली नाही तर त्या गळका नळ शोधतात, मुलांचा पाण्याचा टब शोधतात, शेजारच्या कुत्र्याचं भांडं शोधतात. एकदा सवय लागली की मोडणं कठीण. म्हणून पेटी यायच्या आधीच पसरट भांड्यात गोटे किंवा लाकडाचे तुकडे टाकून पाणी भरून ठेवा, माश्यांना बसून पिता आलं पाहिजे नाहीतर बुडतात, आणि मग ते भांडं एक दिवसही कोरडं पडू देऊ नका. टब वापरून झाला की उपडा करायची सवय मुलांना आत्तापासूनच लावा.

आता डॉक्टर. पेटीचे पैसे देण्याआधी मुलांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, घरात कोणाला आधी माशी चावल्यावर काय झालं होतं ते सगळं सांगा, आजी-आजोबांपैकी कोणी बीटा ब्लॉकरची (ब्लड प्रेशरची किंवा हृदयाची) गोळी घेत असेल तर तेही सांगा कारण त्या गोळीमुळे रिअ‍ॅक्शन आलीच तर अ‍ॅड्रेनलिनच्या, म्हणजे रिअ‍ॅक्शन रोखणाऱ्या इंजेक्शनचा असर कमी होऊ शकतो. इथे एक फरक नीट समजून घ्या. डंख बसला तिथेच सूज आली, अगदी अख्खा हात सुजला आणि दोन-तीन दिवस राहिला तरी ती स्थानिक सूज, त्रासदायक पण सहसा धोक्याची नाही. पण डंख पायाला आणि पित्त अंगभर उठलं, ओठ किंवा डोळे सुजले, आवाज बसला, श्वास घ्यायला त्रास, उलट्या, चक्कर, मूल एकदम मलूल पडलं, तर ती अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणजे जिवावर बेतणारी अंगभर अ‍ॅलर्जी, आणि तिथे मिनिटं मोजली जातात. अशा वेळी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, अ‍ॅलर्जीची नेहमीची गोळी पुरत नाही, गोळी देऊन वाट बघत बसणं हीच मोठी चूक. इंजेक्शन घरी ठेवायचं का, मुलाच्या वजनाप्रमाणे किती डोसचं, कसं टोचायचं हे डॉक्टरांकडूनच शिकायचं आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने शिकायचं, मुलाला सांभाळणाऱ्या मावशींनी सुद्धा. इंजेक्शन दिल्यावर बरं वाटलं तरी हॉस्पिटलमध्ये जायचंच कारण काही तासांनी परत उलटू शकतं. आणि पहिल्या डंखाला काही झालं नाही म्हणजे पुढेही होणार नाही असं नसतं, अ‍ॅलर्जी आधीच्या डंखांमधूनच तयार होते. तोंडात किंवा घशात डंख बसला, किंवा लहान मुलाला एकदम दहा-बारा डंख बसले, तर मूल ठीक दिसत असलं तरी दवाखाना गाठा. इमर्जन्सीचा नंबर आणि घराचा पूर्ण पत्ता फ्रिजवर चिकटवा, घाबरल्यावर स्वतःचा पत्ता पण आठवत नाही.

काटा काढायचा कसा यावरून लोक खूप वाद घालतात, नखाने खरवडा, कार्डाने खरवडा, चिमटीत धरू नका वगैरे. १९९६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की खरवडला काय आणि चिमटीने ओढला काय, फरक पडत नाही, उशीर केला तर मात्र पडतो. माशी उडाली तरी काटा आणि विषाची पिशवी कातडीतच राहते आणि पिशवी विष आत ढकलत राहते, पहिल्या अर्ध्या मिनिटातच बहुतेक विष आत जातं. म्हणून कार्ड शोधायला घरात धावू नका, बोटाने उपटा, मग तिथून लांब या, मग धुवा आणि बर्फ लावा. लांब यायचं कारण, डंखातून जो वास सुटतो तो बाकीच्या माश्यांना इथेच चावा असं सांगणारा असतो. तो वास पिकलेल्या केळ्यासारखा येतो, त्यातलं मुख्य द्रव्य केळ्यातही असतं, त्यामुळे पेटीजवळ केळं खात जायचं नाही हा नियम मुलांना सांगा, त्यांना तो फार आवडतो आणि लक्षातही राहतो.

मुलांना फार नियम देऊ नका, तीन-चारच. पेटीच्या कुंपणाच्या आत मोठ्या माणसाशिवाय नाही. माशी अंगावर बसली तर हात झटकायचा नाही, थांबायचं, उडून जाते. मागे लागली तर तोंड झाकून सरळ घरात पळायचं, पाण्यात उडी नाही. आणि गवतात चप्पल घालायची. हा शेवटचा नियम कंटाळवाणा वाटतो पण महत्त्वाचा आहे, कारण गवतातल्या फुलावर बसलेली माशी पायाखाली आली की ती बिचारी डंख मारणारच, आणि माश्या दोन-तीन किलोमीटरवरून येतात त्यामुळे ही वेळ पेटी नसलेल्या अंगणात पण येते. ज्या वयात मुलाला "थांब" म्हटल्यावर थांबता येत नाही त्या वयात त्याने पेटीजवळ जायचं नाही, मग तुम्ही शेजारी उभे असलात तरी. थोडं मोठं मूल असेल तर त्याच्या मापाचा जाळीचा बुरखा आणि सूट घ्या, लांबून बघू दे, बघितलेल्या गोष्टीची भीती कमी होते.

पेटी उघडायची वेळ ठरवून टाका. ऊन पडलेली दुपार, मुलं शाळेत, बऱ्याचशा माश्या बाहेर कामावर, हीच वेळ. ढगाळ हवा, पाऊस, संध्याकाळ नको. पेटी बंद केल्यावरही काही तास माश्या चिडलेल्या असू शकतात, तेवढा वेळ अंगण बंद. गवत कापायचं मशीनही त्यांना आवडत नाही, तेही मुलं नसताना. स्मोकर (माश्या शांत करायला धूर सोडणारा डबा) वापरून झाला की बाहेर आणि उंचावर ठेवा, तो बराच वेळ तापलेला राहतो. सूट मुलांच्या कपड्यांबरोबर धुवू नका, त्यात विष आणि तुटलेले काटे राहतात. माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या व्हरोआ किडीसाठी ऑक्झॅलिक किंवा फॉर्मिक अ‍ॅसिड आणलंत तर कुलपात, आणि मूळ डब्यातच, पाण्याच्या बाटलीत कधीच नाही.

मधाबद्दल एकच, पण पक्कं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बोटाला लावून चाटवणं पण नाही, घरचा शुद्ध असला तरी नाही. मधात बॉट्युलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आपल्याला ते काही करत नाहीत पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात, आणि मध उकळून ते मरत नाहीत. घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही हे आधीच सांगून ठेवा.

शेजाऱ्यांशी पेटी आल्यावर नाही, आधी बोला. त्यांच्याकडे कोणाला अ‍ॅलर्जी आहे का विचारा, असेल आणि ते घाबरत असतील तर माझ्या मते पेटी दुसरीकडे ठेवावी, हट्ट करू नये. स्थानिक नियमही बघून घ्या. त्यांना हेही सांगा की कधीतरी माश्यांचा मोठा थवा बाहेर पडून झाडावर लटकेल, तेव्हा माश्या पोटभर मध पिऊन निघालेल्या असतात आणि राखायला घर नसतं म्हणून सहसा शांत असतात, फक्त दगड मारू नका, पाणी मारू नका, मला फोन करा. थवा निघूच नये म्हणून सीझनमध्ये दर आठवड्याला पेटी तपासावी लागते, कारण नवीन राणीचं घर (ज्यात ती वाढते तो कप्पा) अंडं घातल्यापासून साधारण आठव्या दिवशी बंद होतं आणि मग जुनी राणी निघते. दर आठवड्याला एवढा वेळ निघणार नसेल तर या वर्षी पेटी घेऊच नका, मुलं थोडी मोठी होतील तोवर थांबा.

आणि पेटी आणायच्या आधीच ती काढायची सोयही करून ठेवा. काही किलोमीटर लांब जागा असलेला एखादा अनुभवी मधपाळ शोधा, त्याला विचारून ठेवा की गरज पडली तर एका रात्रीत पेटी नेशील का. वसाहत चिडकी निघाली तर आधी राणी बदलून बघता येते, नव्या राणीची पिल्लं यायला महिना-दीड महिना जातो, तोवर पेटी त्याच्याकडेच राहू दे. पण मुलाला अ‍ॅलर्जी निघाली तर बदलून बघू वगैरे काही नाही, अंधार पडला की माश्या आत येतात, दार जाळीने बंद करायचं, पट्टा आवळायचा आणि त्याच रात्री पेटी गाडीत.