जुन्या गाण्यांच्या सीडी संगणकावर उतरवताना ‘कॉपी प्रोटेक्शन’चे काय करावे

सोलापुरात मराठी भावगीते, तेलुगू चित्रपटगीते, कन्नड भक्तिगीते आणि उर्दू कव्वाल्या अशा चारही भाषांतील सीडी एकाच घरात निघाल्या तरी कोणाला नवल वाटत नाही. त्या वाजवणारे यंत्र मात्र बहुतेक घरांत केव्हाच बंद पडलेले असते. मग सीडी संगणकावर उतरवायचे ठरते आणि वेष्टनावरील ‘नक्कल करणे हा गुन्हा आहे’ ही ओळ वाचून हात थबकतो. ती ओळ कायद्याची सूचना आहे. तिचा अर्थ डिस्कवर कुलूप आहे असा होत नाही. जगभर निघालेल्या संगीताच्या सीडींपैकी फारच थोड्यांवर प्रत्यक्ष कॉपी प्रोटेक्शन, म्हणजे नक्कल रोखणारे तांत्रिक कुलूप, होते. तेही मुख्यतः २००१ ते २००६ या काळातील, विशेषतः परदेशी आवृत्त्यांवर. एमपी३ फाइल भरलेली डिस्क असेल तर प्रश्नच नाही. तिच्यातील फाइल नेहमीप्रमाणे उचलून संगणकात ठेवाव्यात.

संशयित डिस्क ओळखण्यासाठी प्रथम वेष्टन पाहावे. ‘कॉम्पॅक्ट डिस्क’ हे नेहमीचे बोधचिन्ह नसेल आणि त्याऐवजी संगणकाविषयी काही अटी छापलेल्या असतील, तर सावध व्हावे. अशा डिस्क मूळ मानकात बसत नाहीत आणि म्हणून त्यांवर ते चिन्ह छापू नये, अशी भूमिका खुद्द फिलिप्सनेच घेतली होती. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ठरवलेल्या त्या मानकात दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि दोन वाहिन्या एवढे सगळे नेमके सांगितले आहे, पण कुलपाची तरतूद मात्र नाही. घरोघरी गेलेल्या कोट्यवधी प्लेअरना नवे कुलूप कळणार नव्हते, त्यामुळे डिस्क साध्या प्लेअरमध्ये वाजली पाहिजे, पण संगणकाने मात्र अडखळले पाहिजे, अशी कसरत कंपन्यांना करावी लागली. कॉपी प्रोटेक्शन कधीच पक्के ठरले नाही, त्याचे मूळ माझ्या मते याच कसरतीत आहे.

या कसरतीचे दोन प्रकार होते. पहिल्यात डिस्कच्या अनुक्रमणिकेत मुद्दाम घोळ घालत, शेवटी एक फसवे डेटा सेशन (डिस्कवर स्वतंत्रपणे लिहिलेला माहितीचा भाग) जोडत किंवा चूक-दुरुस्तीच्या माहितीत मुद्दाम चुका पेरत. साधा प्लेअर फक्त पहिले सेशन वाचतो, तर संगणकाचा ड्राइव्ह शेवटच्याकडे आधी धावतो. सारा खेळ एवढाच. २००२ साली डिस्कची बाहेरील कड काळ्या मार्करने रंगवून हा अडथळा पार केल्याच्या बातम्या गाजल्या होत्या. आपण तो प्रयोग करू नये, कारण शाई गाण्यांवर गेली तर नुकसान आपलेच. त्याऐवजी दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह वापरून पाहावा. एका ड्राइव्हला जी डिस्क झेपत नाही, ती दुसरा अनेकदा मुकाट्याने वाचतो.

दुसरा प्रकार अधिक त्रासदायक आहे आणि आजही त्याचे भान ठेवावे लागते. त्यात डिस्क सरकवताच विंडोजच्या ‘ऑटोरन’ सोयीचा, म्हणजे डिस्कवरील प्रोग्रॅम आपोआप सुरू करण्याच्या सोयीचा, फायदा घेऊन एक प्रोग्रॅम संगणकात शिरत असे. २००३ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील विद्यार्थी जॉन अ‍ॅलेक्स हॅल्डरमन याने दाखवून दिले की, डिस्क घालताना ‘शिफ्ट’ कळ दाबून धरली तर ‘मीडियामॅक्स’ नावाचे हे संरक्षण सुरूच होत नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या काही डिस्कवरील ‘एक्ससीपी’ या प्रोग्रॅमने तर हद्द केली: ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी कोणतीही फाइल तो विंडोजपासून लपवून ठेवत असे, आणि त्या आडोशाला इतर घातक प्रोग्रॅमही लपू शकत. विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी हे उघड केल्यावर कंपनीला डिस्क परत घ्याव्या लागल्या.

म्हणून माझा आग्रह आहे की, सीडी ड्राइव्ह आहे एवढ्याच कारणाने माळ्यावरचा विंडोज एक्सपीचा जुना संगणक या कामासाठी उतरवू नये; हे प्रोग्रॅम नेमके त्याच पिढीच्या यंत्रांसाठी लिहिलेले होते. आजचा संगणक आणि यूएसबीने जोडायचा ड्राइव्ह घ्यावा, सेटिंगमध्ये ‘ऑटोप्ले’ बंद करावे, तरीही डिस्क घालताना शिफ्ट कळ दाबून ठेवावी, आणि डिस्कने स्वतःचा प्लेअर बसवण्याची परवानगी मागितली तर ती नाकारून डिस्क बाहेर काढावी. लिनक्स वापरणाऱ्यांना हा दुसरा प्रकार बाधत नाही.

उतरवण्यासाठी विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा प्रोग्रॅम चांगला. त्याचा ‘सिक्युअर’ प्रकार निवडल्यास तो शंकास्पद भाग पुन्हा पुन्हा वाचतो आणि कोठे चूक राहिली ते सांगतो. त्याआधी डिस्क मऊ, कोरड्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. सोलापूरच्या टॉवेलची ख्याती मोठी असली, तरी या कामाला तो खरखरीत पडतो. फाइल ‘फ्लॅक’ स्वरूपात ठेवावी. आवाजातील काहीही न गमावता ती मूळ आकाराच्या निम्म्याच्या आसपास येते. गाण्यांची नावे त्या त्या लिपीत युनिकोडमध्ये टंकावीत.

एवढे करूनही एखादी डिस्क हटून बसली, तर एखाद्या चालू प्लेअरची ऑडिओ तार संगणकाच्या लाइन-इनला (बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या खाचेला) जोडून ध्वनिमुद्रण करावे. तासाभराच्या डिस्कला तासभर लागतो आणि दर्जा किंचित उतरतो, पण कानाला ऐकू येणारी गोष्ट कोणतेही संरक्षण अडवू शकत नाही.

कायद्याचे म्हणाल तर, कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठीच्या रास्त व्यवहाराला मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. म्हणजे स्वतः विकत घेतलेली डिस्क स्वतःसाठी जपणे वेगळे, आणि त्याच फाइल पेन ड्राइव्हवर भरून नव्या पेठेत विकणे वेगळे.

कामाचा क्रम ठरवताना घरी ‘राइट’ केलेल्या सीडी आधी घ्याव्यात, मग कारखान्यात छापलेल्या. घरच्या सीडीतील रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि उन्हाने लवकर खराब होतो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर सोलापूरचा मे महिना त्याला फार वेळ देत नाही.