एक्झाम फॉर्म ते फोटोकॉपी: सोलापूर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

निकाल अडकला की पंढरपूर, बार्शी, करमाळ्याची मुले एसटी धरून थेट विद्यापीठाचे केगाव गाठतात. तिथे ऐकावे लागते ते हेच: आधी कॉलेजचे पत्र आणा. संलग्न कॉलेजातल्या विद्यार्थ्याचा प्रवेश, इंटर्नलचे गुण, फॉर्मची पडताळणी हे सगळे कॉलेजमार्फतच जाते. म्हणून सुरुवात कॉलेज ऑफिसपासून करा. अडचणीचे मूळ बहुधा फॉर्म भरतानाच झालेले असते.

नाव आणि मोबाइल नंबर

सोलापुरात एकाच वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू नावे असतात आणि त्यांचे इंग्रजी स्पेलिंग कागदागणिक बदलते. लक्ष्मी एकीकडे ‘एक्स’ने, दुसरीकडे ‘केएसएच’ने. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. दहावीची मार्कशीट प्रमाण धरा आणि आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. आधारला जुळावे म्हणून विद्यापीठाकडचे नाव बदलत बसू नका. पुढे पदवी प्रमाणपत्रावर तेच येते.

हे झाल्यावरच डिजिलॉकरमधून १२ अंकी एबीसी आयडी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे तुमची क्रेडिट जमा होणारे खाते) काढा. नाव, जन्मतारीख किंवा लिंग यांपैकी एक जरी जुळले नाही, तरी क्रेडिट खात्यात चढायला अडचण येते. आयडी आठवत नाही म्हणून दुसऱ्या नंबरवरून नवे खाते उघडणे ही तर हमखास होणारी चूक. आधी जुन्या नंबरवरून लॉगिन करून पाहा.

फॉर्म नेट कॅफेत भरत असाल, तर मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. घाईत कॅफेवाल्याचा नंबर टाकला जातो, मग पासवर्ड बदलायचा ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तुम्ही हॉल तिकिटासाठी त्याच्या दारात.

विषय निवडताना

फी भरण्याआधी सिलॅबस समोर ठेवून प्रत्येक विषयाचा कोड ताडून पाहा, नुसते नाव नको. सारख्या नावाचे पेपर दोन सेमिस्टरला असतात. संलग्न कॉलेजांत पदवीला २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण आले, त्यामुळे जुन्या पॅटर्नचा बॅकलॉग (राहिलेला पेपर) असेल तर जास्तच जपा: पेपर जुन्या कोडनेच आहे की त्याऐवजी समकक्ष विषय दिला आहे, हे ऑफिसमध्ये विचारा. चालू सेमिस्टरचा फॉर्म भरला म्हणजे बॅकलॉगचाही भरला गेला, असे धरून चालू नका.

ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीने निवडायचा विषय, दुसऱ्या विद्याशाखेचा घ्यायचा असतो. बी.एस्सी.च्या मुलाने ‘सोपा आहे’ म्हणून विज्ञानाचाच घेतला, तर तो नियमात बसत नाही.

पैसे कटले, पावती नाही

लगेच दुसऱ्यांदा भरू नका. बँकेच्या मेसेजमधला ट्रान्झॅक्शन नंबर लिहून ठेवा, काही तासांनी लॉगिनमध्ये स्टेटस पाहा. व्यवहार फसला असेल तर रक्कम सहसा काही कामाच्या दिवसांत परत येते. शेवटच्या तारखेच्या रात्री भरणाऱ्यांना मात्र तेवढी उसंत नसते आणि लेट फी बसते. पैसे भरल्यावर फॉर्म कॉलेजकडून मंजूर झाला का, तेही पाहा. प्रिंट, पावती आणि हॉल तिकीट मार्कशीट हातात येईपर्यंत सांभाळा.

निकालात ‘गैरहजर’

पेपर दिलेला असताना गैरहजर दिसले, तर आधी लेखी की इंटर्नल ते बघा. इंटर्नल असेल तर गुण कॉलेजकडून भरायचे राहिलेले असू शकतात. विषय शिक्षकांना भेटा. लेखी असेल तर उत्तरपत्रिकेवरचा बैठक क्रमांक किंवा बारकोडचा घोळ असू शकतो. त्या दिवशीच्या हजेरीपत्रकावर तुमची सही असते, तोच मुख्य पुरावा. अर्जात पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक), बैठक क्रमांक, विषय कोड, पेपरची तारीख लिहा, हॉल तिकिटाची प्रत जोडा आणि स्वतःच्या प्रतीवर इनवर्ड (आवक) नंबरचा शिक्का घ्या. शिक्का नसेल तर पाठपुरावा करायला हातात काहीच नाही.

फोटोकॉपी

सरसकट पुनर्मूल्यांकनाला पैसे घालवू नका, आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात, मार्कशीट मिळाल्यापासून नाही. प्रत आली की तीन गोष्टी तपासा: आतले गुण पहिल्या पानावर बरोबर उतरले का, बेरीज जुळते का, एखादे उत्तर न तपासता राहिले का. पुरवणी जोडली असेल तर तिची पाने मोजा. यात चूक सापडली तर अर्जात प्रश्न क्रमांकासह लिहा. चूक नाही, फक्त ‘गुण कमी वाटतात’ एवढेच म्हणणे असेल, तर तो पेपर शिकवणाऱ्या शिक्षकांना प्रत दाखवा आणि मग ठरवा.