तुमच्या मांजराचं चित्रपुस्तक घरच्या घरी कसं करावं

गेल्या पावसाळ्यात मी आमच्या ठकीवर एक चित्रपुस्तक केलं आणि सहा वर्षांच्या भाचीच्या हातात दिलं. तिने तीन पानं उलटली, कपाटावर बसलेल्या ठकीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मामा, ही दुसरीच मांजर आहे." खरं होतं. रंग ठकीचा, ठिपके ठकीचे, पण चित्रातली मांजर माणसासारखी ओठ ताणून हसत होती. आमची ठकी खूश असली की शेपूट काठीसारखी उभी करून येते आणि टोकाला जरासा बाक देते. मी ते पुस्तक बाजूला ठेवलं आणि नव्याने सुरुवात केली.

मांजरांच्या कॉमिक्सची सगळी गोडी या ओळखीत आहे. जिम डेव्हिस यांचा गारफिल्ड १९ जून १९७८ रोजी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आला. तो तिकडचा, पण सोफ्यावर पसरून खाण्याची वाट पाहणारा बोका ठाण्यातल्या कुणालाही परका वाटत नाही. घरोघरी एक आहेच. आपल्या घरातल्यावर पुस्तक करायला चित्रकलेची पदवी लागत नाही. एक आठवडा, चार कागद आणि सुई-दोरा पुरतो.

आधी आठवडाभर नुसतं पाहा

पेन्सिल नंतर. आधी एक छोटी वही घ्या आणि दिवसातून दोन-तीनदा चार ओळी लिहा: वेळ, जागा, शेपूट, कान, डोळे. या पायरीला फाटा देऊ नका, कारण पुस्तकाचा जीव इथे आहे. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं 'म्याव' करत नाहीत, ते बोलणं बहुतेक माणसांसाठी राखलेलं असतं. आपसातला संवाद अंगाने चालतो. उभी शेपूट म्हणजे 'ये, ओळखीचा आहेस'. कान मागे चपटे म्हणजे भीती किंवा राग. तुमच्याकडे बघत सावकाश डोळे मिटले-उघडले तर ती निर्धास्त आहे.

माझ्या वहीतली एक नोंद देतो. आमची इमारत नौपाड्यातली, जुनी, लाकडी जिन्याची. चेंदणी कोळीवाड्यातल्या मासळीवाल्या मावशी अकराच्या सुमाराला येतात. त्या दिवशी ठकी खिडकीत पाय पोटाखाली घेऊन बसली होती, डोळे मिटलेले. एकाएकी तिचा डावा कान दाराकडे वळला. फक्त कान, मान जागची हलली नाही. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग डोळे उघडले, मग शेपटीचं टोक दोनदा हललं, आणि त्यानंतर कुठे जिन्याची खालची पायरी करकरली. मावशींची हाक तर त्याच्याही नंतर. सगळं पुस्तक मला या एका नोंदीतून मिळालं.

घरात मांजर नसेल तर सोसायटीच्या पार्किंगमधलं किंवा मासळीबाजारातलं एखादं धरा. मात्र एकच धरा आणि रोज त्यालाच पाहा.

एकच प्रसंग निवडा

जन्मापासूनची हकिगत सांगायला जाऊ नका. मांजराला काहीतरी हवं आहे आणि मध्ये काहीतरी आडवं आलं आहे, एवढं गोष्टीला पुरतं. आमची गोष्ट: ठकीला मांदेली हवी आहे, आणि दार बंद आहे.

पानांचं गणित

ए-फोरचे चार कागद एकावर एक ठेवून मधोमध घडी घाला. सोळा पानांची वही होते. (छापील चित्रपुस्तकं बहुधा बत्तीस पानी असतात, त्यामागेही मोठ्या कागदाच्या घड्यांचा हिशेब आहे.) साधा झेरॉक्सचा कागद घेतला तर मागचं चित्र पुढे दिसतं, म्हणून थोडा जाड घ्या. स्टेशनरीच्या दुकानात १२० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) कार्ट्रिज पेपर मागितला की काम होतं.

वहीच्या कोपऱ्यांत १ ते १६ आकडे घाला आणि मग कागद सुटे करा. कागदाच्या कुठल्याही बाजूला शेजारी आलेल्या दोन आकड्यांची बेरीज १७ येईल: १ आणि १६, २ आणि १५, असं ८ आणि ९ पर्यंत. आली नाही तर आकडे चुकले. ८ आणि ९ ही दोन पानं एकाच कागदाच्या एकाच बाजूला येतात, म्हणून दोन पानं व्यापणारं सलग चित्र तिथेच ठेवा. बाकी ठिकाणी असं चित्र दोन वेगळ्या कागदांवर पडतं आणि घडीपाशी तुटतं.

विषम आकड्याचं पान नेहमी उजवीकडे येतं. उत्सुकता तिथे ठेवायची, म्हणजे वाचणाऱ्याला पान उलटावंच लागतं. आमच्या सातव्या पानावर फक्त ठकीचं डोकं आणि वळलेला कान आहे. शब्द नाही. पान उलटलं की आठ-नऊवर अख्खा जिना, आणि खालून वर येणारी टोपली.

चित्र काढताना

मागून दिसणारं बसलेलं मांजर म्हणजे भरताचं वांगं. वर दोन त्रिकोण, खाली शेपूट. गोल वळून झोपलेलं मांजर म्हणजे टोपलीखालची चुंबळ. हे दोन आकार हाताला बसले की अर्धं काम झालं.

चालणारं मांजर काढताना बरेच जण चुकतात. मांजर एका बाजूचे दोन्ही पाय लागोपाठ पुढे टाकतं, आधी मागचा, पाठोपाठ पुढचा, आणि मागचा पंजा जवळजवळ पुढच्याच ठशावर पडतो. मांजर दबकत आलं असं आपल्याला वाटतं ते त्यामुळे. ओल्या फरशीवरचे ठसे एकदा नीट बघा. मिशा एका बाजूला साधारण बारा असतात, लहान चित्रात तीन पुरे. बाहुल्या मात्र वेळ सांगतात: भर उन्हात उभी बारीक रेघ, तिन्हीसांजेला काळा गोल. दुपारच्या चित्रात गोल बाहुली दिसली की मांजरवाल्या माणसाच्या ते लगेच लक्षात येतं, आणि घाबरलेलं मांजर दाखवायचं असेल तर तीच गोल बाहुली उपयोगी पडते.

रंगांवर फार वेळ घालवू नका. अमेरिकन लेखिका-चित्रकार वांडा गाग यांचं १९२८ सालचं मांजरांचं चित्रपुस्तक काळ्या-पांढऱ्यात आहे आणि आजही छापलं जातं. तुमचं मांजर पांढरं-काळं-नारिंगी असं तिरंगी असेल, तर ती जवळजवळ नक्की मांजरीणच असते, कारण काळा की नारिंगी हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि दोन्ही रंगांसाठी लागणारी दोन एक्स गुणसूत्रं सहसा मादीतच असतात. तिला गोष्टीत बोका करू नका.

आणि एक मनापासूनची विनंती. बशीभर दूध काढू नका. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि मुलं चित्रात पाहिलेलं करतात. मी पाण्याचं वाडगं काढतो.

शब्द

चित्रात ठकी खिडकीत दिसते आहे, तर खाली 'ठकी खिडकीत बसली आहे' कशाला? मी तिथे लिहिलं, 'अकरा वाजायला आले.' चित्रातून जे कळत नाही तेवढंच शब्दांनी सांगावं. आवाजांच्या बाबतीत आपली भाषा श्रीमंत आहे: टुणकन, धपकन, खुडबुड, फिस्स, गुर्रगुर्र. हे शब्द मोठे, त्या आवाजाच्या आकाराचे काढा. टुणकन वर उडालेलं, धपकन खाली बसलेलं.

संवादाचा फुगा असेल तर आधी अक्षरं लिहा आणि मग भोवती फुगा काढा. देवनागरीत वर मात्रा-वेलांटी, खाली उकार. आधी फुगा काढला की दुसऱ्या ओळीची मात्रा पहिलीच्या उकारात अडकते. आधी बोलणाऱ्याचा फुगा डावीकडे, वरच्या अंगाला ठेवा.

शिवणी

शिवण्याआधी सुट्या कागदांच्या पाठपोट झेरॉक्स काढून ठेवा, आजीला आणि शेजारी एकेक प्रत लागतेच. मग कागद क्रमाने एकात एक ठेवून घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा, एक मध्ये, दोन कडांपासून दोन बोटं आत. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, दोऱ्याचं टोक आत राहू द्या. बाहेरून वरच्या भोकातून आत या. आतल्या बाजूने मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर पडा, आणि परत मधल्या भोकातून आत. आता दोन टोकं लांब टाक्याच्या दोन्ही अंगांना घेऊन त्याच्यावर गाठ मारा. पाठीवर मैद्याच्या खळीने मांजरपाटाची पट्टी चिकटवा. कापडाचं नाव ऐकून मुलं फार खूश होतात.

हे काम मांजर दुसऱ्या खोलीत असताना, दार लावून करा. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. दोरा एकदा तोंडात गेला की तिला तो थुंकता येत नाही, आत ओढला जातो आणि आतडं कापू शकतो. सुईसकट गेला तर आणखी वाईट. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर स्वतः ओढू नका, तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. गाठीची टोकं अगदी आखूड कापा, कापलेले तुकडे उचला, सुई डबीत ठेवून झाकण लावा. मग दार उघडा.