जपानमध्ये जेवायला निघण्याआधी

सामानात मेतकूट-चिवडा भरून झाला असेल, तर थोडी तयारी तिथल्या हॉटेलांचीही करून ठेवा. उडुप्याकडे इडलीपासून पनीर मसाल्यापर्यंत सगळं एका छपराखाली मिळतं, तसं तिथे सहसा नसतं. रामेनवाल्याकडे रामेन म्हणजे रश्श्यातल्या नूडल्स, सोबावाल्याकडे सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स, तोंकात्सुवाल्याकडे डुकराच्या मांसाचं कटलेट. त्यामुळे काय खायचं हे टेबलाशी बसून नव्हे, दाराबाहेरच ठरवायचं. काचेत पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात, त्या त्यासाठीच. घरातल्या चौघांना चार वेगळ्या गोष्टी हव्या असतील तर सरळ 'फॅमिली रेस्टॉरंट' गाठा.

शाकाहारी मंडळींची तयारी मात्र दुप्पट. अडचण मांसाची नाही, दाशीची, म्हणजे बहुतेक पदार्थांत पडणाऱ्या मूळ रश्श्याची आहे. बोनितो मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून खणखणीत कडक करतात आणि पातं बसवलेल्या लाकडी पेटीवर घासून त्याचे पापुद्रे काढतात. हे पापुद्रे आणि कोम्बु नावाचं समुद्री शेवाळ यांचं पाणी म्हणजे नेहमीची दाशी. मिसो सूपमध्ये ती, उदोन नावाच्या जाड नूडल्सच्या रश्श्यात ती, तळलेल्या तोफूवर ओततात त्यातही ती. तेव्हा नुसतं 'नो मीट' म्हणून भागत नाही. मांस, मासे, अंडी आणि माशाची दाशी यांपैकी काय चालत नाही ते जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा. सहा खुर्च्यांच्या दुकानात 'जमणार नाही' असं उत्तर आलं तर राग मानू नका; रस्सा पहाटेच करून ठेवलेला असतो. काळजी न करता जेवायचं असेल तर शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध मठांतलं जेवण. तिथली दाशी कोम्बु आणि सुक्या शिताके अळंब्यांची. कोयासान या डोंगरावरच्या तीर्थक्षेत्री मठात राहून हे जेवता येतं, पण बुकिंग आधी हवं.

रामेनसाठी हजार येनच्या नोटा आणि चिल्लर जवळ असू द्या. पुष्कळ दुकानांत दारातच तिकिटाचं मशीन असतं: आधी पैसे, मग बटण, मग चिठ्ठी काउंटरवर. मोठी नोट पुष्कळ मशीनं घेत नाहीत, आणि जुलै 2024 मध्ये आलेल्या नव्या नोटा काही जुनी मशीनं परत थुंकतात. बटणांवर फक्त जपानी असेल तर बहुधा डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दुकानाच्या खास पदार्थाचं असतं. हाकाता (फुकुओका शहर) पद्धतीच्या रामेनच्या दुकानात रस्सा उरवून ठेवा, नुसत्या नूडल्स जादा मागवता येतात. सुर्रकन आवाज करत खाल्लं तरी कोणी वळून बघणार नाही. गप्पा मारत बसलात तर बाहेरची रांग बघेल.

फिरत्या पट्ट्यावरची सुशी 1958 मध्ये ओसाकाकडे सुरू झाली. योशिआकी शिराइशींना ती कल्पना बिअरच्या कारखान्यातला पट्टा पाहून सुचली. आता बऱ्याच ठिकाणी ऑर्डर स्क्रीनवरच देतात. टेबलावरच्या डब्यातली हिरवी पूड चहाची असते, वासाबी (सुशीसोबतचं झणझणीत हिरवं वाटण) समजून सोया सॉसमध्ये कालवू नका. शेजारचा नळ कडकडीत पाण्याचा आणि त्या चहासाठीच, हात धुवायला नाही. सुशी हातानेही खाता येते. सॉसमध्ये भात नाही, मासा टेकवायचा.

इझाकाया म्हणजे दारूसोबत छोट्या बशा वाटून खायची जागा. न मागता एक वाटी समोर येते, तिचे माणशी काहीशे येन बिलात लागतात. ती फसवणूक नव्हे, बसण्याचा आकार आहे. मुलं बरोबर असतील तर दारावरची पाटी वाचा, सिगारेट चालते तिथे वीस वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत.

काइसेकीचं, म्हणजे एकामागून एक छोटे पदार्थ येणाऱ्या पारंपरिक जेवणाचं, मी थोडक्यात आटोपतो: महाग, आधी बुकिंग, आणि काय चालत नाही ते बुकिंग करतानाच सांगायचं. ताटामी (जमिनीवरच्या गवती चटया) असेल तर बूट बाहेर, म्हणून न फाटलेले मोजे. भातात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत, चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही. दोन्ही अंत्यविधीतल्या गोष्टी आहेत.

टिप कुठेच नाही. बिल बहुतेक ठिकाणी दाराशी गल्ल्यावर, पैसे हातात न देता तिथल्या छोट्या तबकात. दुपारी दोननंतर बरीच दुकानं पाच-साडेपाचपर्यंत बंद असतात. अडीचला भूक लागली तर स्टेशनवर उभ्याने खायचा सोबा शोधा.