जुन्या संगणकावर लिनक्स बसत नसेल, तर ते कुठे अडतंय ते आधी पाहा

इन्स्टॉलेशन फसलं की बरेच जण लगेच दुसरं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा प्रकार, उतरवून घेतात. त्यानं क्वचितच काम भागतं. मशीन कोणत्या टप्प्यावर थांबलं ते नीट पाहा. दोष कुठला, हे बहुधा तिथेच कळतं. खालची माहिती डेबियन हे डिस्ट्रो धरून दिली आहे.

पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाही. उतरवलेल्या आयएसओचा (इन्स्टॉलेशनच्या इमेज फाइलचा) एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइल धड उतरली का ते दाखवणारा कोड, डेबियनच्या साइटवरच्या कोडशी जुळवा. फाइल नुसती कॉपी करून चालत नाही, इमेज लिहावी लागते. रूफस या इमेज लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'डीडी इमेज' हा पर्याय निवडा. पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात लावा, तो थेट मदरबोर्डवर असतो. प्रोसेसर ६४ बिट नाही अशी तक्रार आली, तर इमेज चुकीची आहे. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ला ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. डेबियन १२ची आय३८६ (३२ बिट) इमेज घ्या.

मेनू दिसतो, एंटर दाबल्यावर पडदा काळा. जुन्या ग्राफिक्स चिपवर हे नेहमीचं आहे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्क्रीनचा मोड बदलायला जातो आणि चिपला ते झेपत नाही. मशीन बायोसवर (मदरबोर्डवरच्या जुन्या पद्धतीच्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालत असेल तर मेनूवर टॅब दाबा, खाली कमांडची ओळ उघडेल. त्यातला 'क्वाएट' (quiet) खोडा, म्हणजे संदेश दिसू लागतील. मग ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' (nomodeset) हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, जोडून लिहा आणि एंटर दाबा. ओळीत तीन आडव्या रेघा असतात. त्यांच्यानंतर लिहिलेलं बसवलेल्या सिस्टिममध्येही कायम राहतं, म्हणून शब्द त्यांच्यानंतरच हवा. नाहीतर इन्स्टॉलेशन पार पडेल आणि पहिल्याच बूटला पुन्हा अंधार. एसीपीआय (वीज-व्यवस्थापनाची यंत्रणा) बंद करण्याचा सल्लाही जागोजागी दिसतो, पण तो अगदी शेवटी वापरा. पंखा आणि बॅटरीचं नियंत्रण त्यावरच चालतं.

फाइली चढताना मध्येच अडतं. कंट्रोल-ऑल्ट-एफ४ दाबा, लॉग दिसेल. 'आय/ओ एरर' असेल तर तो पेनड्राइव्हच्या नावापुढे आहे की हार्डडिस्कच्या, हे वाचा. हार्डडिस्कच्या असेल तर लाइव्ह इमेजवरून (न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्सवरून) स्मार्टसीटीएल ही डिस्क तपासणारी कमांड चालवा. ५ आणि १९७ क्रमांकांच्या ओळींत मूळ आकडा (रॉ व्हॅल्यू) शून्याच्या वर असेल, तर त्या डिस्कवर भरवसा ठेवू नका. फक्त १९९चा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा. डिस्क टाकण्याआधी साटा केबल बदलून पाहा.

दर वेळी वेगळ्याच जागी अडत असेल तर संशय रॅमवर. मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या. एकही चूक चालत नाही. चूक निघाली तर एकेक पट्टी लावून तपासा.

पॅकेजं उतरत नाहीत, त्यांची माहिती देणारी रिलीज फाइल 'अजून वैध नाही' म्हणते. घड्याळ मागे पडलंय. बायोसमध्ये तारीख लावा आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला, नाहीतर वीज काढली की तारीख पुन्हा मागे जाईल.

सगळं बसलं, पण बूट होत नाही. पेनड्राइव्ह लावल्यावरच सुरू होत असेल, तर ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर, पेनड्राइव्हवरच गेलाय. ग्रब बसवताना डिस्क नावावरून नव्हे, आकारावरून ओळखा. आणि पूर्ण डिस्क निवडा, तिचं पार्टिशन नव्हे. जीपीटी (पार्टिशनांची नवी मांडणी) असलेली डिस्क बायोस मशीनवर वापरायची तर ग्रबसाठी १ एमबीचं 'बायोस बूट' पार्टिशन लागतं.

ग्रब 'डिस्कच्या बाहेर वाचण्याचा प्रयत्न' अशी चूक दाखवत असेल, तर बायोस फार जुना आहे. असा बायोस डिस्कवरच्या जागांना २८ बिटांचेच पत्ते देतो, त्यांत ५१२ बाइटचे सेक्टर मोजले की हद्द १३७ जीबीला संपते. कर्नल त्या पलीकडे वाचू शकतो, पण कर्नल उचलणारा ग्रब बायोसवर अवलंबून असतो. म्हणून डिस्कच्या अगदी सुरुवातीला १ जीबीचं वेगळं '/बूट' पार्टिशन करा. बाकीची डिस्क मग १३७ जीबीच्या पुढे गेली तरी चालते.