शिकारी रायफलला नवा ट्रिगर बसवताय? या चुका टाळा

ट्रिगर बदलला की नेम सुधारतो असं जो तो सांगतो, आणि ते अर्धंच खरं आहे. साधारण शिकारी रायफल साडेतीन किलोच्या आसपास भरते, आणि ट्रिगर ओढायलाच अडीच किलो जोर लागत असेल तर गोळी सुटायच्या आधी रायफल हलणार, ओणवा-बसता कसाही नेम धरा, ते टळत नाही. तिथे चांगला ट्रिगर खरंच फरक पाडतो. पण लोक ट्रिगर घेतात तो रेंजवर टेबलावर सॅंडबॅग ठेवून कागदाला भोकं पाडणाऱ्यांचं ऐकून, आणि मग तोच घेऊन जातात थंडीत, चिखलात, जाड हातमोजे घालून, धापा टाकत. इथून सगळ्या चुका सुरू होतात.

आहे तो ट्रिगर न बघताच नवा घेणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आणि सगळ्यात सोपी टाळता येणारी. हल्लीच्या बऱ्याच रायफलींचा कंपनीचा ट्रिगरच ॲडजस्ट होतो. टिक्का टी३एक्सचा साधारण १ ते २ किलोमध्ये कमीजास्त करता येतो, रुगर अमेरिकनचा ३ ते ५ पाउंडात, सॅव्हेजने तर अ‍ॅक्युट्रिगर आणलाच याच्यासाठी. दुकानातून आल्यावर तो वरच्या टोकाला सेट केलेला असतो आणि मॅन्युअल कुणी उघडलेलं नसतं.

दुसरं म्हणजे ट्रिगर जड वाटतोय की नुसता घाण झालाय हे बघा. वर्षानुवर्षं वरून तेल मारलेला ट्रिगर आतून चिकट होतो, त्यात धूळ बसते, आणि मग तो कधी सहज सुटतो कधी अडकतो. साफ करून, पुल गेजने म्हणजे ट्रिगर सुटायला किती जोर लागतो ते दाखवणाऱ्या काट्याने मोजून मगच ठरवा. गेजने एकदाच मोजून उपयोग नाही, दहाएक वेळा ओढा, सरासरी काढा, आणि सरासरीपेक्षा जास्त लक्ष द्या ते सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकड्यातल्या अंतराकडे. ३ पाउंडचा ट्रिगर दर वेळी ३ च्या आसपास सुटत असेल तर तो चांगला, पण कधी अडीच कधी चार असा सुटणारा ट्रिगर कितीही नामी कंपनीचा असला तरी कामाचा नाही. आणि गेजचा हूक दर वेळी एकाच जागी लावा, ट्रिगरच्या खालच्या टोकाला लावला तर आकडा कमी येतो, वर लावला तर जास्त. सपाट ट्रिगरवर तर बोट कुठेही जाऊ शकतं त्यामुळे हा फरक गोळी मारतानाही जाणवतो.

हलका म्हणजे चांगला असं समजणे

बेंचरेस्टवाले, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून नेम मारायच्या स्पर्धेतले लोक, काही औंसांवर सुटणारे ट्रिगर वापरतात. त्यांचं बरोबर आहे, त्यांची रायफल टेबलावर असते, नळी टार्गेटकडे असते, आणि बोट लावायच्या आधी सगळं ठरलेलं असतं. शिकारीत तसं काहीच नसतं. जनावर समोर आलं की हृदय धडधडायला लागतं, गार पडलेल्या बोटाला स्पर्शच नीट कळत नाही, वर हातमोजा. माझं स्पष्ट मत, शिकारी रायफलला अडीच ते साडेतीन पाउंड म्हणजे साधारण १.१ ते १.६ किलो, याच्या खाली जायचं कारण नाही, आणि नवशिक्या असेल किंवा कडाक्याच्या थंडीत जायचं असेल तर ४ पाउंडसुद्धा अजिबात वाईट नाही.

खरं म्हणजे लोकांना जे जड वाटतं ते बऱ्याचदा वजन नसतंच, ती क्रीप असते. म्हणजे ट्रिगर ओढायला लागल्यावर तो घासत घासत थोडा सरकतो आणि मग सुटतो, ते सरकणं. साडेतीन पाउंडचा पण अजिबात न सरकता काचेसारखा तुटणारा ट्रिगर दोन पाउंडच्या खरखरीत ट्रिगरपेक्षा हलका वाटतो. म्हणून घेताना आकड्याच्या मागे लागू नका, क्रीप किती आणि सुटल्यावर ट्रिगर मागे किती जातो म्हणजे ओव्हरट्रॅव्हल किती ते बघा. ट्रिगरटेक कंपनीने सिअर (फायरिंग पिन म्हणजे गोळीच्या बुडावर आपटणारी सुई, तिला अडवून धरणारा तुकडा) आणि ट्रिगरच्या मध्ये छोटा रोलर घातला तो ह्या घासण्यावरच उपाय म्हणून.

सिंगल स्टेज की टू स्टेज हा वाद कधी संपणार नाही. टू स्टेजमध्ये आधी थोडा सैल प्रवास असतो, मग भिंत लागते, तिथे थांबायचं आणि दाबायचं. जुन्या माउझर ९८ लष्करी रायफलींना असाच ट्रिगर होता. हातमोजे घालून मारणाऱ्याला मला टू स्टेज बरा वाटतो, कारण भिंत लागली हे बोटाला आधी कळतं. एआर प्रकारच्या (एआर-१५ धर्तीच्या अर्धस्वयंचलित) रायफलीत गिसेली कंपनीचा एसएसए ट्रिगर एकूण साडेचार पाउंडचा आहे, पण त्यातले अडीच पहिल्या टप्प्यात जातात आणि शेवटी दोनच उरतात, म्हणून आकडा मोठा दिसला तरी हाताला तो तसा लागत नाही.

सेट ट्रिगरचं वेगळं. सीझेड ५५० सारख्या रायफलीत ट्रिगर पुढे ढकलला की सेट होतो आणि मग अगदी हलक्या स्पर्शाने सुटतो. बसून, टेकून, निवांत मारायला छान. पण सेट केला आणि जनावर निघून गेलं तर पुढे काय करायचं हे माहीत नसेल तर सेट ट्रिगर घेऊच नका. सेट काढायची पद्धत मॅन्युअलमधून शिकून, रिकाम्या रायफलीवर घोटून मगच बाहेर न्या, आणि सेट केलेली रायफल घेऊन एक पाऊलही चालायचं नाही.

"रेमिंग्टन ७०० ला बसतो" एवढंच वाचून ऑर्डर करणे

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून थोडं सविस्तर. रेमिंग्टन ७०० ही १९६२ पासूनची, तिच्या मापावर कितीतरी कंपन्यांनी ॲक्शन (बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो रिसिव्हर) बनवल्या, बर्गारा बी-१४ त्यातलीच, आणि त्यामुळे ट्रिगरचा सगळ्यात मोठा बाजार ह्याच मापाचा. पण माप एक असलं तरी बाकी गोष्टी वेगळ्या असू शकतात. बोल्ट रिलीज म्हणजे बोल्ट बाहेर काढायचा खटका कुठे आहे बघा. ७०० मध्ये तो ट्रिगरच्या पुढे आत असतो, बऱ्याच क्लोनमध्ये रिसिव्हरच्या बाजूला असतो, त्यानुसार ट्रिगर बोल्ट रिलीजसकट घ्यायचा की शिवाय ते ठरतं. रायफल डावखुऱ्यासाठीची असेल तर तसा ट्रिगर वेगळा मिळतो, उजव्याचा उलटा करून बसत नाही.

मग सेफ्टी. जुन्या माउझरची सेफ्टी बोल्टच्या मागच्या टोकाला पंखासारखी उभी राहते आणि स्कोप खाली बसवला की ती फिरवताच येत नाही, म्हणून माउझरला टिमनीसारखे साइड सेफ्टीवाले ट्रिगर घेतात, आणि मग स्टॉकमध्ये सेफ्टीच्या दांडीला जागा करायला लाकूड कोरावं लागतं हे नंतर कळतं. विचारून घ्यायची अजून एक गोष्ट म्हणजे सेफ्टी नक्की काय अडवते. काही ट्रिगरमध्ये ती फक्त ट्रिगर अडवते, काहींत सिअरसुद्धा. झाडीतून, काट्याकुट्यातून रायफल खांद्यावर घेऊन फिरणाऱ्याने दुसरा प्रकार घ्यावा असं मी म्हणेन, चार पैसे जास्त गेले तरी.

एआरवाल्यांसाठी एकच ओळ, ट्रिगर ज्यावर बसतो त्या पिन मोजून घ्या, बहुतेकांना ०.१५४ इंचाच्या लागतात पण काही जुन्या कोल्ट ०.१७० इंचाच्या मोठ्या पिनच्या आहेत.

स्क्रू, तेल आणि लॉकटाइट

ट्रिगरवर दोनतीन स्क्रू दिसतात आणि हात शिवशिवतात. पुल वेटचा म्हणजे ओढायच्या जोराचा स्क्रू तुमचा, तोही कंपनीने दिलेल्या मर्यादेत. पण सिअर एंगेजमेंटचा स्क्रू, ज्यावर कंपनीने बऱ्याचदा सील मारलेलं असतं, तो तुमचा नाही. सिअर किती पकडतो ते त्याच्यावर ठरतं, आणि क्रीप घालवायच्या नादात तो फिरवला तर रायफल आपटल्यावर किंवा बोल्ट जोरात बंद केल्यावर सुटू शकते.

स्क्रू पक्का राहावा म्हणून लॉकटाइट ओतणारेही असतात. २०१४ च्या एप्रिलमध्ये रेमिंग्टनने मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हनच्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरवाल्या रायफली परत मागवल्या, १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या, आणि कारण काय तर जोडणी करताना ट्रिगरमध्ये गेलेला जास्तीचा चिकट पदार्थ, ज्यामुळे ट्रिगर न ओढताही गोळी सुटू शकत होती. कारखान्यात जे झालं ते घरच्या टेबलावर तर सहज होईल, तेव्हा लॉकटाइट सुईच्या टोकावर येईल एवढंच, ते फक्त आट्यांवर, आणि कंपनीने सांगितलं असेल तरच. या काळातली सेकंडहँड ७०० घेतली असेल तर त्या ट्रिगरचं काम झालंय का ते आधी बघा, मग बदलायचा विचार करा.

आणि तेल. ट्रिगरमध्ये तेल मारू नका, एवढंच. फारतर लायटर फ्लुइडने धुऊन पूर्ण सुकू द्या. गार रायफल तंबूत किंवा उबदार खोलीत आणली की आत दव धरतं आणि पुन्हा बाहेर नेली की त्याचा बर्फ होतो, तेल असेल तर तेही घट्ट होतं. म्हणून कडक थंडीत रायफल आत न आणता बाहेरच सुरक्षित, कुलुपात ठेवलेली बरी.

बसवला आणि थेट रेंजवर

बसवून झाल्यावर रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोन्हीने तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि मग हे करा. बोल्ट जितक्या जोरात बंद करता येईल तितक्या जोरात बरेचदा बंद करा, एकदाही फायरिंग पिन सुटता कामा नये. मग रायफल कॉक करून बटचा रबरी पॅड सतरंजीवर काही इंचांवरून आपटा, आणि रबरी हातोडीने बाजूंनी ठोका, सेफ्टी लावून आणि काढून दोन्ही. मग सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात ओढा, बोट काढा, आता सेफ्टी काढा. इथे पिन सुटली तर हा ट्रिगर बाहेर न्यायचा नाही, बाकी सगळं ठीक असलं तरी नाही. हे सगळं स्टॉक लावून, स्क्रू पूर्ण आवळून करायचं, कारण नुसत्या ॲक्शनवर नीट चालणारा ट्रिगर स्टॉकमध्ये गेल्यावर घासू शकतो.

बिघडलं तर काय बघायचं

बोल्ट बंद करताना पिन बोल्टबरोबरच खाली जात असेल तर सिअर पकडत नाहीये, थांबा, स्क्रू फिरवत बसू नका, गनस्मिथकडे न्या. सेफ्टी लागतच नसेल किंवा अर्धवट लागत असेल तर बहुतेकदा दांडी स्टॉकला अडत असते, नाहीतर ओव्हरट्रॅव्हलचा स्क्रू जास्त आवळलाय. ट्रिगर ओढल्यावर पुढे परत येत नसेल तर स्टॉकची किंवा ट्रिगर गार्डची खाच बघा, रंग किंवा लाकूड घासल्याची खूण दिसेल.

बोल्ट मागे ओढला आणि हातातच आला तर बोल्ट स्टॉप गडबडलाय. ७०० मध्ये बोल्ट स्टॉप आणि त्याची छोटी स्प्रिंग मागच्या पिनवर असते आणि बसवताना ती चेमटते किंवा उलटी बसते, अगदी नेहमीचं आहे. नवीन ट्रिगरनंतर प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागावर) हलका ठोका पडून गोळी उडत नसेल तर पिन सिअरवर घासत जातेय किंवा तिला पूर्ण अंतर मिळत नाहीये, ते गनस्मिथने मोजावं लागतं. बोल्ट उचलायला एकदम जड झाला असेल तर सिअरची उंची जुळत नाहीये.

जुना ट्रिगर पिन आणि स्प्रिंगसकट एका डबीत, वर रायफलचं नाव लिहून ठेवा. रायफल विकताना लागतो, आणि ऐन सीझनमध्ये नवा ट्रिगर रुसला तर तोच परत बसवता येतो, मात्र तो परत बसवल्यावरही वरच्या सगळ्या चाचण्या पुन्हा करायच्याच.